तळ न दिसणारं पाणी

फाल्गुनातल्या सकाळी उजनी धरणाच्या फुगवट्यावर उतरलं की आधी ओल्या मातीचा, शेवाळाचा आणि काठावर वाळत घातलेल्या जाळ्यांचा मिसळलेला वास येतो, आणि मग पाणी दिसतं. इतकं अफाट, इतकं निश्चल, की बोलणारं माणूसही नकळत आवाज खाली आणतं. त्या पाण्याकाठी मी चौपन्नाव्या वर्षी कमरेला पोहणाऱ्यांचा नारिंगी तरंगता फुगा बांधून उभी होते. सोलापुरात निळ्या फरशीच्या तलावात मी तीन वर्षं पोहत होते. तिथे तळ दिसतो, म्हणून माझा सगळा शूरपणा. तळ न दिसणाऱ्या पाण्याची भीती मात्र लहानपणापासून अंगात मुरलेली. ती आज मोडायची, नाहीतर पोहण्याचा हा हट्टच सोडायचा, असं ठरवून मी आले होते.

सोबतीला शांताबाई होती, साठीची, मासे धरून पोट भरणारी. तिने होडी घेऊन माझ्या अगदी जवळ राहायचं, काठापासून फार लांब जाऊ द्यायचं नाही, जाळ्यांकडे फिरकू द्यायचं नाही, एवढं ठरलं होतं. तिला या कामाचं हसू येत होतं.

“मासं धरायचं न्हाय, धुनं धुवायचं न्हाय, मग पान्यात पडायचं कशाला वो, बाई?”

मी फुग्याची गाठ एकदा ओढून पाहिली आणि पाण्यात पडले.

सुरुवात सुरेख झाली. प्रत्येक हातासरशी हिरवट सोनेरी उजेड अंगावरून निथळत होता, आणि मधूनमधून डोकं वर काढून मी टेकडीवरचा लिंब पाहत होते, म्हणजे दिशा चुकणार नाही. आणि मग, रोजच्या तलावाची लांबी संपते तिथे, सवयीने माझा हात भिंत धरायला पुढे गेला. भिंत नव्हती. खाली नुसता हिरवा अंधार. नाकातोंडात पाणी गेलं, आणि मी भ्याले; अगदी जिवाच्या भीतीने भ्याले.

“पाठीवर पडा! ह्ये वल्हं धरा आन् आबाळाकडं बगा!” शांताबाई ओरडली.

मी वल्ह्याला एक हात घट्ट लावून उताणी झाले. पाण्याने मला अलगद उचलून धरलं. श्वास थाऱ्यावर आला, कानांत पाण्याची गूढ शांतता भरली, आणि त्या निळाईतून रोहित पक्ष्यांची एक लांबलचक ओळ पंखांखालची लाली दाखवत निघून गेली. माझे डोळे भरून आले. एवढं मोठं काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

शांताबाई एकदा टेकडीकडे, एकदा मागच्या मोबाइलच्या टॉवरकडे पाहत होती. मग हळूच म्हणाली, “पायाला गार लागतंय का?”

लागत होतं. वर कोमट, खाली गारेगार.

“लागनारच की. लिंब आन् टावर एका रेघंत आलं की वळखायचं. हितं खाली आमचं बुडालेलं गाव, आमची हीर हाय. धरनाचं पानी आलं तवा मी परकरात हुते. आईनं शेवटची घागर हितनंच भरली.” मी हात सोडला, तिने वल्हं आत घेतलं. “चढताय का होडीत?”

मी नको म्हटलं आणि पालथी झाले. तळ तेव्हाही दिसला नाही, भीतीही पुरती गेली नाही. पण परक्या घरात शिरल्यावर पावलं आपोआप जपून पडतात, तसे माझे हात पाण्यावर पडू लागले.