एक बार्टलीला

फेस्टी मुलकेरीन उभ्या आयुष्यात एकच काम शिकला. दोरीला गळ लावून पोलॅक मासा धरायचा. जाळं नाही, यंत्र नाही. होडी खडकांजवळ स्थिर ठेवायची, दोरी तळापर्यंत सोडायची, हातभर वर ओढायची, परत सोडायची. मासा लागला की हातावर हात टाकत वर घ्यायचा आणि दोरी कुठेही ढिली पडू द्यायची नाही. त्याच्या दोन्ही तर्जन्यांना दोरीच्या खाचा पडल्या होत्या. गळाची गाठ तो दोनदा ओढून बघायचा. दुसऱ्यानं बांधलेली गाठ सोडून स्वतः बांधायचा. त्यामुळे त्याच्या होडीवर दुसरा माणूस कधी टिकला नाही.

मग युरोपच्या कारभाऱ्यांनी ब्रसेल्सहून पोलॅक धरणं बंद केलं. समुद्र खरवडला मोठ्या जहाजांनी, बंदी आली सगळ्यांना सारखी. मोठ्यांना धरायला इतर मासे होते. फेस्टीला पोलॅकच होता. त्याची बायको डेलिया सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांची घरं झाडूनपुसून द्यायची, त्यावर चूल चालली. फेस्टी रोज सकाळी धक्क्यावर जायचा, होडीत साचलेलं पाणी उपसायचा आणि घरी यायचा.

त्या वर्षी युरोपच्या संसदेची निवडणूक आली. पलीकडच्या खाडीतली अट्रॅक्टा कनीली उभी राहिली. कुठल्या पक्षाची नाही. छोट्या होडीवाल्यांची संघटना चालवायची. तिची मागणी एका ओळीची होती: गळानं मासा धरणाऱ्याला बंदीतून वगळा. असं म्हणणारी उमेदवारांत ती एकटीच.

"ही निवडून आली नाही तर मी होडी विकतो," फेस्टी म्हणाला.

"घेणार कोण?" डेलिया म्हणाली.

फेस्टीनं आपल्या गावातला प्रचार अंगावर घेतला. इतर ठिकाणी अट्रॅक्टाची माणसं दाराच्या फटीतून पत्रक सरकवून पुढे जात. फेस्टीला तसलं काम जमत नव्हतं. तो दार वाजवायचा, आत बसायचा, चहा घ्यायचा, माणसाच्या तोंडून होकार येईपर्यंत उठायचा नाही. घर बंद असलं तर दुसऱ्या दिवशी परत. पाऊस आडवा येत असला तरी परत. टेकडीमागच्या घराला रस्ता नव्हता, तिथेही दलदल तुडवत गेला.

अडचण एकच होती. त्याच दिवशी जिल्ह्याच्या कौन्सिलचीही निवडणूक होती, आणि कौन्सिलला त्याचा आतेभाऊ बार्टली उभा होता. आमच्याकडे मत देताना नावांपुढे आकडे घालतात: पहिल्या पसंतीला एक, मग दोन, मग तीन. तुझा एक कुणाला, एवढंच माणसं एकमेकांना विचारतात. एक म्हणजे शब्द. तो एकदा दिला की दिला.

बिड जॉइस अठ्ठ्याऐंशीची. तिनं फेस्टीला दारातच थांबवलं.

"मागायला आला असशील तर आधीच सांगते. माझ्या दारापर्यंत डांबर बार्टलीनं घातलं. माझा एक त्याचा."

"एक बार्टलीलाच द्या, बिड. तो मागायला मी आलोच नाही."

"मग?"

"त्याच्यानंतरचा आकडा. कौन्सिलच्या कागदावर आकडे जिथे थांबतील, त्याच्या पुढचा आकडा युरोपच्या लांब कागदावर अट्रॅक्टाच्या नावापुढे."

"दोन?"

"दोन आला तर दोन. चार आला तर चार. फक्त त्या कागदावर तिच्याआधी कुणी नको."

"एवढंच होय? तोंड असं करून आलास, मला वाटलं कुणी गेलं. बस. चहा टाकते."

असं प्रत्येक घरात झालं. बार्टलीचा एक बार्टलीला राहतो म्हटल्यावर लोक मोकळे होत. एरवी दोन शब्दांवर न जाणारी माणसं त्याला फाटकापर्यंत सोडायला आली. काम इतकं सोपं जाईल असं फेस्टीला वाटलं नव्हतं. त्यानं स्वतः आजवर युरोपचा कागद कोराच पेटीत टाकला होता. आमच्याकडे बरेच जण टाकत.

मतदानादिवशी त्यानं गाडीतून म्हाताऱ्यांना आणलं, नेलं. शेवटी स्वतः आत गेला. बार्टलीपुढे एक लिहिला. लांब कागदावर अट्रॅक्टापुढे दोन.

शनिवारी गॉलवे शहरात पेट्या उघडल्या. मोजणारे कठड्याआड बसतात आणि पक्षांची माणसं कठड्यावर वाकून कुठल्या गावानं कुणाला दिलं ते टिपतात. फेस्टीच्या शेजारी पॅकी लिडन होता, एका पक्षाचा जुना गडी. त्या कठड्यावर वाकून वाकून पाठीला बाक आलेला.

"तुझं गाव का रे हे?" पॅकी म्हणाला. "बाईच्या नावापुढे आकडाच आकडा. आमच्या पोरांना पाठवतो तुझ्याकडे शिकायला."

फेस्टी कठड्यावर आणखी वाकला. त्याला ते ऐकायला बरं वाटत होतं.

मग पॅकीची पेन्सिल थांबली.

"हे काय? चार. तीन. हा परत चार. यांचा एक कुठाय?"

"एक बार्टलीला."

पॅकीनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "फेस्टी, तो कागद वेगळा, ती निवडणूक वेगळी. या कागदावर पुन्हा एकपासून सुरू करायचं असतं. एक नसला तर मत बाद."

"पण मीच त्यांना सांगितलं."

"काय सांगितलंस?"

फेस्टीनं सांगितलं. पॅकी हसला नाही.

"किती घरांत?"

"सगळ्या."

"एखादं घर तरी आळसानं सोडायचं होतंस, बाबा."

शेजारच्या गावात कुणी कुणाला काही समजावलं नव्हतं. तिथली अट्रॅक्टाची मतं थोडी होती, पण धड होती.

युरोपचे कागद मोजायला कॅसलबारला गेले. मतदारसंघ मोठा, मोजणी कित्येक दिवस चालली. प्रत्येक फेरीला तळाचा उमेदवार बाहेर जायचा आणि त्याची मतं पुढच्या पसंतीप्रमाणे उरलेल्यांत वाटली जायची. अट्रॅक्टाला त्या वाटणीचाच आधार होता. इतरांना एक दिलेल्या मच्छीमारांचे दोन आणि तीन तिच्याकडे येणार होते. पण त्यासाठी तोवर टिकायला हवं होतं, आणि ती तळाला लागली होती. तिच्या जरा वर एक माणूस होता, त्याला मागे टाकलं की ती टिकली असती.

फेस्टीनं तिला गाडीतळावर गाठून सगळं सांगितलं.

"सगळ्या घरांत?" तिनंही तेच विचारलं.

"हो."

तिनं गाडीचं दार लावलं. "चल," म्हणाली. "भांडून बघू."

शंकास्पद मतं निवडणूक अधिकारी सगळ्यांसमोर एकेक उचलून दाखवत होता. माणूस सभ्य होता. फेस्टीच्या गावचा गठ्ठा आला तेव्हा अट्रॅक्टा म्हणाली, मतदाराच्या मनात काय होतं ते उघड आहे. अधिकारी म्हणाला, मन मला वाचता येत नाही, आकडा वाचता येतो, आणि एक हा आकडा या कागदावर नाही.

"मी सांगतो ना साहेब," फेस्टी मध्येच बोलला. "मीच घरोघर जाऊन सांगितलं तसं लिहायला. चूक माझी, लोकांची नाही. हा बघा, हा थरथरता चार. हा बिड जॉइसचा. तिचा हात कापतो. तिला विचारा. मी आणतो तिला, दोन तासांत आणतो."

अधिकाऱ्यानं तो कागद लगेच पालथा केला.

"हे तुम्ही बोलायला नको होतं," अधिकारी म्हणाला. "मत गुप्त असतं."

"गुप्त नको आहे तिला. कुणालाच नको आहे. आमच्या गावात कुणी काही लपवलेलं नाही. हवं तर माझा दोनचा कागद काढून दाखवतो."

"फेस्टी, बस आता," अट्रॅक्टानं त्याचा दंड धरला.

थरथरता चार बाद गठ्ठ्यात गेला. त्याच्यावर पुढचा, त्याच्यावर पुढचा. अधिकाऱ्यानं घाई केली नाही. प्रत्येक कागद सगळ्यांना दिसेल असा धरला, मगच ठेवला. तो आपलं काम नीट करत होता, आणि फेस्टीला त्याच्यावर धड रागही धरता येईना.

त्या फेरीत अट्रॅक्टा बाहेर गेली. वरचा माणूस टिकला. फरक केवढा होता ते ध्वनिक्षेपकावरून सांगितलं. बाद गठ्ठा त्याहून जाड होता. फेस्टीनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग पाहिलं नाही.

अट्रॅक्टानं त्याच्याशी हात मिळवला. "तुझ्याएवढं कुणी राबलं नाही," म्हणाली. तिला चांगलंच म्हणायचं होतं.

तो गावात पोचला तेव्हा जूनचा लांब उजेड अजून होता. बार्टली कौन्सिलवर सहज निवडून आला होता आणि तिठ्यावर त्याच्या विजयासाठी मोठी शेकोटी पेटली होती. गाव जमलं होतं. बिड जॉइसला खुर्ची घालून दिली होती, अंगावर घोंगडी.

"आली का आपली बाई?" तिनं विचारलं.

"नाही."

"मी दिलं होतं रे तिला. चार."

"मोजलं नाही, बिड. कुणाचंच मोजलं नाही. त्या कागदावर एक लिहायला हवा होता. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं."

आजूबाजूचे दोघेतिघे वळून बघायला लागले. बिडनं घोंगडी वर ओढली.

"तू सांगितलंस म्हणून लिहिलं," ती म्हणाली. "मी कधी लिहीत नाही त्या कागदावर."

"माहीत आहे."

"पुढच्या वेळी नीट सांग."

पुढची वेळ पाच वर्षांनी. तिचं वय फेस्टीला माहीत होतं, आपलंही.

बार्टलीनं लांबून हाक मारून त्याच्याकडे ग्लास उंचावला. फेस्टीनं मान हलवली. डेलिया गर्दीतून त्याच्याजवळ आली. तिच्यापर्यंत बातमी आधीच आली होती. पॅकी लिडनचे नातेवाईक सगळीकडे आहेत.

"पाहुण्यांच्या घरांचं गवत कापायला माणूस हवाय," ती म्हणाली. "मी तुझं नाव दिलंय. सोमवारपासून."

"आज दिलंस?"

"मतदानाच्या आदल्या दिवशी."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं नजर खाली घेतली नाही. मागं कुणी तरी लाकडी फळ्या आगीत टाकल्या आणि पोरं ओरडली.

"यंत्र त्यांचं की आपण आणायचं?" फेस्टीनं विचारलं.

"त्यांचं," डेलिया म्हणाली.