टोपी पुढे गेली

टोपी माझ्यापर्यंत आली आणि पुढे गेली.

टोपीत चिठ्ठ्या होत्या, एकेकीवर एकेका देशाचं नाव. धुळ्याजवळच्या आमच्या सैनिकी अकादमीत दरवर्षी परराष्ट्र परिषद भरते. ती मुलंच चालवतात. अध्यक्ष कॅडेट, घंटा वाजवून वेळ सांभाळणारा कॅडेट. सर मागच्या रांगेत गप्प बसतात. जळगाव-नाशिकच्या शाळा पाहुण्या येतात. सकाळी अध्यक्षाची टोपी फिरते. चिठ्ठीत जो देश येईल, त्याच्या बाजूनं दोन दिवस बोलायचं. नियमच तो.

अध्यक्षानं टेबलाखालून एक तयार पाटी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. पाकिस्तान.

"तुला कशाला चिठ्ठी? तुला सोपं जाईल."

सगळे हसले. कुणी दुष्टपणानं नाही, रोजचंच हसले. माझं नाव मुसलमानी, तेवढं पुरे होतं. मला काही वाटलं नाही. खरंच. नुसती पाटी सरळ करून ठेवली.

मी तेव्हा अकरावीत होतो. नववीत हेच झालं होतं. दहावीतही हेच, वर उत्कृष्ट वक्त्याचं प्रशस्तिपत्र. अब्बा सोनगीरला हायवेवर ट्रकच्या सीटा शिवतात. ड्रायव्हरांशी अहिराणी बोलतात, माझ्याशीही. प्रशस्तिपत्रावर देशाचं नाव होतं. ते त्यांनी वाचलं.

"हाई तुले कोनी दिन्हं?"

त्यांनी दातानं दोरा तोडला आणि पुढची सीट घेतली. प्रशस्तिपत्र फ्रेम करून कुठं लावू, हे मी विचारलंच नाही.

घंटा वाजली. "पाकिस्तानचे प्रतिनिधी, बोला."

मी उभा राहिलो.

"पाकिस्तानची चिठ्ठी टोपीत टाका. टोपी परत फिरवा. मी सगळ्यांसोबत उचलेन. तोच देश निघाला तर त्याच्याच बाजूनं बोलेन."

"नाटकं करू नको. पाहुणे बसलेत."

"बसू दे."

मागून सर नुसते खाकरले. अध्यक्ष म्हणाला, "मग बाहेर हो."

नाही झालो. पाटी पालथी घातली आणि त्याच खुर्चीत बसून राहिलो. दोन्ही दिवस माझी पाळी आली, घंटा वाजली, मी बोललो नाही. जेवताना शेजारची खुर्ची रिकामी राहिली. राग आला तो त्यानंतर, आणि अजून आहे.

आता मी बारावीत आहे. अध्यक्षपदासाठी नाव दिलंय. मिळालं तर सगळे देश टोपीत जातील. पद मला देणार नाहीत, हेही माहीत आहे. मग टोपी माझ्यासमोर येईल तेव्हा मी ती दोन्ही हातांनी धरेन. चिठ्ठी उचलल्याशिवाय पुढे जाऊ देणार नाही.