वहिनींचा हौद

फोन दोनदा वाजला, मी वाजू दिला. ऑर्डरी घेणं वहिनींचं काम, कानस चालवणं माझं, ही वाटणी दादा गेल्यापासूनची. बरं नाही म्हणून वहिनी त्या दिवशी घरीच होत्या, हे माहीत असूनही हात उठला नाही. तिसऱ्यांदा घेतला तेव्हा पुतणी मुग्धा म्हणाली, "काका, आई गेली..." त्याला आता महिना होऊन गेला. वारज्याच्या आमच्या शेडमध्ये फोन वाजला की मी अजूनही आधी वहिनींच्या खुर्चीकडे बघतो.

आम्ही गळाला लावायचे पितळी पत्र्याचे खोटे मासे बनवतो, पाण्यात ओढले की डुलणारे. हौशी लोक ते ऑर्डर देऊन करून घेतात आणि प्रत्येकाला वेगळा हवा असतो. पुण्यात हा धंदा करतो म्हटलं की लोक पत्ता विचारत नाहीत, कारण विचारतात. वहिनींनी जन्मात मासा खाल्ला नाही, वासानेही नाकाला पदर लावायच्या. पण ऑर्डरी सांभाळाव्यात त्यांनीच. गिऱ्हाईक रंग, वजन सांगू लागलं की मध्येच थांबवायच्या. "ते राहू द्या. तुमच्याकडे पाणी कसं आहे? वाहतं की साचलेलं?" एकाने घाई आहे म्हणून उत्तर टाळलं, तर "मग बाजारातून तयार घ्या," म्हणून फोन ठेवून दिला. तो पुढे आपणहून आला.

माल तयार झाला की खरी कटकट सुरू व्हायची. भिंतीलगत पत्र्याचा लांबट हौद आहे. प्रत्येक नग दोऱ्याला बांधून त्या हौदाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढत चालायच्या. डुलला नाही की माझ्या बाकावर परत. एकदा वैतागून म्हणालो, "अहो वहिनी, मासा काय तक्रार करायला येणार आहे?"

"मासा नाहीच येणार, भावजी. तेच तर गिऱ्हाइकाचं दुःख असेल," त्या म्हणाल्या आणि पुढचा नग बांधला. मला राग यायचा, थकून जायचो. आता कोणी काही परत करत नाही, तरी थकवा तेवढाच आहे... उलट जास्तच.

"बंद करा काका, झेपायचं नाही तुम्हाला," मुग्धा म्हणते. खरंच आहे. चिपळूणच्या एका गृहस्थांची, वहिनींनी घेतलेली शेवटची ऑर्डर पाठवायची आणि कुलूप लावायचं, असं ठरवून टाकलं. परवा खोका बांधायला बसलो, आणि काय वाटलं कोण जाणे, एक नग दोऱ्याला बांधला. हौदातलं पाणी वहिनींनीच भरलेलं, त्यावर धूळ धरलेली. ओढत चालत गेलो. नग सरळ आला, जराही डुलला नाही.

दोरा सोडला. मग तो नग माझ्या बाकावर नेऊन ठेवला, खोक्यातले बाकीचेही काढले. तेवढ्यात फोन वाजला. या वेळी मी पहिल्याच घंटेला घेतला. चिपळूणचे गृहस्थ होते, माल कधी निघतोय विचारत होते.

"उशीर होईल," मी म्हणालो, "वहिनींनी परत केलाय."

फोन ठेवला आणि कानस शोधली. हौदातलं पाणी तेवढं बदलायला हवं.