वजनात जास्त भरलेला साबण

देवापासून दूधवाल्यापर्यंत आमच्या व्याह्यांनी ज्याच्यावर संशय घेतला नाही असं जगात काही नव्हतं. अपवाद एकच, त्यांचं स्वतःचं गणित. ते शाळेत रसायन शिकवायचे. शिंप्याकडे कापड टाकलं की चिंधी किती उरायला पाहिजे हे आधी सांगून येत, आणि मग ती मागून आणत. चहा समोर आला की पहिले कपात डोकावत आणि घरात दूध आधी संपलं की साखर, ते ओळखत. "जे आधी संपते, त्याच्यावर सारा माल ठरते," हे त्यांचं नेहमीचं बोलणं.

माझी साबणाची भट्टी हुडकेश्वरच्या रस्त्याला होती, तेव्हा तिकडे शेतंच होती. मी चौथीपर्यंत शिकलो, पण कढईसमोर मला कोणी शिकवू नये. आमच्या मंदाला त्यांच्या मुलासाठी पाहायला आले, तर मास्तर पोरीआधी कढई पाहायला गेले. तेल किती, कॉस्टिक सोडा किती, सारं विचारलं. म्हणाले, "तेल तुम्ही जास्तच ओतता. पण कॉस्टिक संपलं की साबण होणं थांबलं. म्हणून हिशेब कॉस्टिकवर." पाटीवर गणित मांडलं, मग साच्यातला माल तोलायला लावला. तो भरला जास्त. उरलेलं तेल धरूनही जास्त.

"व्याही व्हायच्या आधी विचारतो," ते म्हणाले, "यात वजन वाढवायला शंखजिऱ्याची भुकटी तर नाही?"

"काहून जी, माह्या कढईवर शक घेऊन राहिले?"

"कढईवर नाही. वजनावर."

एक वडी रुमालात बांधून ते निघून गेले. सोयरीक तिथंच अडली. मंदा माझ्याशी बोलेना. मी शपथ घ्यायलाही तयार नव्हतो, खऱ्या माणसानं शपथ कशाला घ्यावी? पण संशय हा लागणीचा रोग आहे. मीच आमच्या गड्याच्या मागे फिरू लागलो, हा कढईत काही टाकते का म्हणून. त्यानं एक दिवस मला विचारलं, "मालक, तुमचं काही हरवलं काय?"

ऐन मे महिन्यात, भर दुपारी, मास्तर डोक्याला पंचा बांधून सायकलवर आले. रुमालातली वडी सुकून आखडली होती. खिडकीत ठेवून ते रोज तोलत होते. घटत घटत ती त्यांच्या आकड्यावर येऊन थांबली होती.

"पाणी होतं," ते म्हणाले. "मी धरलंच नव्हतं."

पाणी आगीत सारं उडते असं मीही समजत होतो, पण ते मी बोललो नाही. "मग?" एवढंच म्हटलं.

"मग मुलगी द्या."

लग्नात आचाऱ्याजवळ उभं राहून म्हणाले, "पीठ आहे, तेल आहे, लाटणारी एकच. पंगत इथं अडन." पंगत अडली.

पुढे ते धंतोलीतल्या दवाखान्यात पडले. मी भेटायला गेलो तर सलाईनच्या बाटलीकडे डोळे बारीक करून पाहत होते. मंदा त्यांचे पाय चेपत होती. मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "व्याही, एका सुनेच्या हिशेबानं एवढी माया निघायला नको. जास्त येऊन राहिली. काय घातलं यात तुम्ही?"

मी म्हटलं, "सुकू द्या, मास्तर. मग तोला."

ते हसले. मग खिडकीकडे पाहत राहिले.

"तेवढा उन्हाळा आता माझ्याजवळ नाही," म्हणाले.