शांताआत्या आणि पालकत्वाचा अर्ज

फुलचूरच्या शांताआत्याला मुलाच्या खोलीत जाताना दार वाजवायची सवय होती. आपल्याकडे घरातल्या घरात कोण दार वाजवतं हो! शेजारणी तोंडावर हसायच्या. आत्या फटकन म्हणायची, "मोठ्या मानसाची खोली हाय. काऊन हासता?"

तो मोठा माणूस म्हणजे माझा आतेभाऊ अशोकदादा. ऑटिझम असलेला, तिशी ओलांडलेला. नजरेला नजर देत नसे, बोलणं मोजकंच. पण राइस मिलमध्ये पोती शिवायचा, घरी आल्यावर स्वतःचा भात स्वतः रांधायचा. एका निवडणुकीत मतदान केंद्रावरचा माणूस आत्याला म्हणाला, "मावशी, त्याचंही बटन तुम्हीच दाबून द्या."

"काऊन? माह्यं मत मी देऊन आली. त्याचं तो देईन," म्हणत आत्या बाहेर उन्हात जाऊन उभी राहिली.

पुढे तिला लकवा मारला. आपल्यामागं दादाचं कसं होणार, या घोरानं ती खंगत चालली. मी वकील, म्हणजे घरातला शहाणा! अठरा वर्षांवरच्या अशा माणसाला जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून कायदेशीर पालक मिळतो. पालक खरंच लागतो का आणि कशापुरता, हे आधी बघा, असंही कायदा सांगतो. ते मी सोयीनं विसरलो. दादाला आमच्या घरी न्यायचं, आत्याचं घर भाड्यानं द्यायचं, सगळे निर्णय माझे, असा अर्ज टाइप करून सहीला घेऊन गेलो.

"त्याले वाचून दाखवला का?" आत्यानं खाटेवरून विचारलं.

"त्याला काय कळणार, आत्या?"

"दाखव वाचून. माह्यासमोर."

दादा येऊन बसला. मी वाचू लागलो, "सदर इसमास स्वतःचे हित कळत नाही. तो स्वतंत्र राहण्यास असमर्थ आहे." ज्याला जन्मभर दादा म्हणत आलो, त्याच्या तोंडावर मी हे वाचत होतो.

भिंतीकडे बघत दादानं विचारलं, "हा कोन मानूस हाय?"

मी आत्याकडे पाहिलं. तिनं माझी बाजू घेतली नाही.

"तू," मी म्हणालो.

"मंग मले काऊन नाही इचारलं?"

नवा अर्ज त्याला विचारून लिहिला. माझी मदत बँकेच्या आणि दवाखान्याच्या कामापुरती. राहणं त्याच्याच घरात. हा अर्ज ऐकून आत्यानं सही केली, आणि थोड्याच दिवसांत ती गेली.

मयतीला आलेले पाहुणे माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणत होते, "वकीलसाहेब, भावासाठी लई केलं तुम्ही." दादा तिथंच उभा होता. आई त्याची गेली होती आणि लोक मला धीर देत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.