हळू पे, मंग सांग

चहा देणारी बाई तुमच्या तोंडाकडे टक लावून बघत बसली, तर तुम्ही काय समजाल? मी समजलो, ही खबरी आहे. फुटपाथवर धंदा करणाऱ्यांची संघटना चालवायची म्हणजे संशय घ्यावाच लागतो. ज्याला हे पटत नाही त्यानं चालवून दाखवावी.

बेसा रोडवर, नव्या टॉवरच्या भिंतीला लागून इंदूबाईची टपरी आहे. माहेर खाप्याचं. नवरा गेल्यावर तिनं स्टोव्ह पेटवला आणि पोरं मोठी केली. तिचा चहा म्हणजे उभ्यानं प्यायचा आणि निघायचं. मग करोनाच्या तापातून उठली आणि बाई बदलली. गिऱ्हाइकाला बाकड्यावर बसवायची. "घाई नोको करू. हळू पे, मंग सांग कसा झाला." आणि एकेकाचा चेहरा न्याहाळायची.

त्याच दिवसांत आमच्या मोर्च्याची वेळ विरोधी गटाला आधीच कळली. ती वेळ ठरली होती याच बाकड्यावर. बाई माणसाला थांबवते, बोलतं करते, डोळ्यांत बघते. आता सांगा!

त्यात टॉवरमधल्या भैरवी मॅडमनी व्हिडिओ टाकला, की इथे लोक चहा पीत नाहीत, ध्यान करतात. झालं. रविवारी फ्लॅटवाले येऊन डोळे मिटून बसायला लागले. ग्लास दोन्ही हातांत, मोठा श्वास, मग एवढासा घोट. "मस्त, आंटी. एकदम शांत वाटलं." मला त्यांचाही संशय. आज ध्यान, उद्या इथे काचेचं कॅफे, आणि इंदूबाई कुठे?

रविवारचं गिऱ्हाईक वाढलं, तरी बाई सुकत चालली होती. तेही मी टिपलं. मनात पाप असलं की माणूस असाच सुकतो, असं मला वाटलं.

एका रविवारी ठरवूनच गेलो, आज सगळ्यांसमोर विचारायचं. पहिला घोट घेतला आणि थुंकलो.

"मावशी, मीठ टाकलं काय याच्यात?"

भैरवी मॅडमनी डोळे उघडले. "मला तर छान वाटला. मातीसारखी काहीतरी चव आहे."

"माती नाही मॅडम, मीठ आहे. पापड आणू का बुडवाले?"

वाटलं, इंदूबाई आता भांडेल. तिनं माझाच ग्लास घेतला आणि घोट घेतला. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मग मला टपरीमागे नेलं.

"खरंच मीठ हाय काय गा?"

"तुले नाही समजलं?"

"तापापासून जीभ मेली माही. वासही नाही येत. लोकाइच्या तोंडाकडं पाहूनच अंदाज लावा लागते."

"मंग बोलली काहून नाही?"

"चव नाही समजत म्हटलं तर कोण पेईन माह्या हातचा? पहिले रिक्षावाले शिव्या तरी देत. आता ते येत नाहीत, अन् हे सारे मस्त, मस्त करतात. या मस्तनं धंदा बुडते माहा."

मी लगेच विश्वास ठेवणारा नाही. बाजूच्या कडुलिंबाचा पाला तोडून तिच्या हातावर ठेवला. तिनं तो शांतपणे चावला आणि माझ्याच तोंडाकडे बघत राहिली, कडू आहे की नाही ते तिथून कळेल म्हणून.

तेव्हा कुठे माझी खात्री पटली.

मोर्च्याची वेळ कोणी फोडली ते अजून शोधतो आहे. भैरवी मॅडमवरची नजरही हटवलेली नाही. पण सकाळी मी त्या बाकड्यावर बसतो. घोट तोंडात धरतो, आलं किती, साखर किती, पत्ती जास्त उकळली का, नीट बघतो आणि सांगतो. आमचं कधीकधी कडाक्याचं भांडण होतं. ती पातेलं ओतून देते, पुन्हा चढवते.

हे लिहू का, म्हणून तिला विचारलं. तिनं फडकं पिळून बाजूला ठेवलं.

"लिही. लपवून लपवून थकली मी. पण हे वाचून लोकं येतीन ना गा?"

याचं उत्तर तुमच्याकडे आहे. या, तिच्यासमोर बसा, सावकाश प्या. आणि चहा बिघडला असेल तर उठून जाऊ नका, तिला तोंडावर सांगा.