फोटोतून कापलेली मेंढरं

टेम्पोत आधी आबांची खाट चढली, मग भांडी, मग मी. लासुर्ण्याहून बारामती म्हणजे काही सातासमुद्रापार नव्हे, एसटीनं तासाभराचा रस्ता. तरी बावड्याहून मुद्दाम आलेली माझी आई पदरानं डोळे पुसत होती. "समद्यांचं कर, पर सोताबी येळंवर दोन घास खात जा," एवढंच म्हणाली. धाकटे दीर दत्तूभावजी मात्र सगळ्यांदेखत बजावून गेले, "वयनी, दिवाळीपतुर बघू. आबांस्नी तितं बरं वाटलं न्हाय, तर मी त्यास्नी परत आणणार." मी रागानं भांड्यांचं गाठोडं जवळ ओढलं.

मैत्रिणींनो, तुम्ही काहीजणी गावी राहिलात, आणि माझ्यासारख्या काहीजणी निघून आल्या. सगळ्याजणींसाठी हे लिहिते आहे. आबा म्हणजे माझे सासरे. अर्धांगाच्या झटक्यानं त्यांची उजवी बाजू गेली, वाचा गेली. माणसं ओळखतात की नाही, तेही कळेना. ह्यांना बारामतीत नोकरी लागली होती, मोठे डॉक्टरही तिथंच, म्हणून आबांना सोबत न्यायचं मीच ठरवलं. दिवाळीला त्यांना परत नेलं असतं तर अख्खी भावकी म्हणाली असती, हिला जमलं नाही. पण खरी भीती वेगळीच होती. आबा आतून कधीच निघून गेले असले तर?

गावी दिवस माणसांनी भरलेला असायचा. इथं दोन खोल्या, एक दिवसाआड नळाचं पाणी, आणि आबांची अंघोळ, मालिश, भरवणं, बेडपॅन. दुपारी ते झोपले की दोन तास माझे. एकदा ट्रंकेतले जुने फोटो काढून बसले आणि पुस्तकच करायला घेतलं. माझ्या मुलीची चित्रकलेची वही, साडीच्या खोक्याचा पुठ्ठा, लग्नपत्रिकांच्या सोनेरी कडा, चिकटवायला कणकेची खळ. शेजारीण हसली, "अल्बम तर बाजारात तयार मिळतो की!" मिळतो, पण तो माझ्या हातचा नसतो. त्या दोन तासांत मी सून नव्हते, नर्स नव्हते. शाळेत रांगोळीत पहिली येणारी पोरगी होते, आणि खोटं कशाला बोलू, हात अजून तस्साच चालत होता.

आमच्या घरी पूर्वी मेंढरं होती. पुढं ऊस आला आणि ती विकली. दत्तूभावजींच्या लग्नाला आलेल्या फोटोग्राफरनं उरलेला रोल रानात कळपापाशी संपवला होता. त्या फोटोंत घरची माणसं मधे, आणि चहूबाजूंनी मेंढरांच्या पाठी नि तोंडं. फोटो देखणे दिसावेत म्हणून मी मेंढरं छाटली आणि माणसं तेवढी ठेवली.

पुस्तक आबांपुढं धरलं. त्यांचं डावं बोट फोटोवरून सरकत कडेला गेलं आणि कागद खरवडत राहिलं. मग त्यांनी पुस्तकच ढकलून दिलं. महिनाभराची मेहनत जमिनीवर पडली. मी मोरीत जाऊन रडले, चिडलेसुद्धा. दुसऱ्या दिवशीही बोट तिथंच, जिथं फोटो संपत होता. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस जन्मभर एकेक मेंढी तोंडावरून ओळखत आला. संध्याकाळी नुसती नजर फिरवून कोण मागं राहिली ते सांगायचा. त्याच्या कळपालाच मी कात्री लावली होती!

नशिबानं निगेटिव्ह होत्या. स्टुडिओवाला म्हणाला, "ताई, यात मेंढरंच जास्त दिसतात. मोठा करून काय करणार?" मी म्हटलं, "मोठाच करा."

तो फोटो दोन पानांवर पसरून लावला. आबांचं बोट एका मेंढीवर थांबलं, मग ओठ हलले. "खैरी." इतक्या महिन्यांतला पहिला शब्द, आणि तो एका तपकिरी मेंढीसाठी! मला हसू आणि रडू एकदमच आलं. पुढं बांडी, मोरी अशी आणखी मेंढ्यांची नावं आली. आठवड्याभरानं बोट खैरीच्या मागं उभ्या असलेल्या माणसावर गेलं. "दत्तू." मेंढरांच्या आडून माणसं अशी एकेक करत परतली, आणि मी प्रत्येकाचं नाव फोटोखाली लिहीत गेले. दिवाळीपर्यंत आबा छोटी छोटी वाक्यंही बोलू लागले. हसणाऱ्या शेजारणीची सासूही अंथरुणालाच खिळलेली होती. तीही सासूचे फोटो घेऊन दुपारी माझ्याकडं बसू लागली.

दिवाळीत दत्तूभावजी जीप घेऊन आले. "चला आबा, घरी." आबांनी पुस्तक मागितलं. एकेक पान उलटत मेंढरांची नावं सांगितली, माणसांची सांगितली, भावजींचंही सांगितलं. भावजी तोंड फिरवून डोळे पुसू लागले. शेवटच्या पानावर आबा थांबले आणि पुन्हा पहिल्यापासून चाळू लागले. काय शोधतायत ते कुणालाच कळेना. मग त्यांनी माझ्याकडं बोट केलं.

"ही कुठं हाय ह्यात?"

मी खरंच कुठं नव्हते. फोटो निघाले तेव्हा मी चुलीपाशी होते.

"आदी हिचा फोटू काढ," आबा भावजींना म्हणाले. "त्याबिगार मी कुठं येत न्हाय."

भावजी स्टुडिओवाल्याला घेऊन आले. फोटोखाली काय लिहू, असं मी विचारलं तर आबा म्हणाले, "लिव्ह की, आमची सुमन." आबांना इथंच बरं वाटतंय हे भावजींनी ओळखलं; त्या दिवशी जीप रिकामी परतली आणि आबा शेवटपर्यंत आमच्याकडंच राहिले.

आजही कुणी विचारलं तर मी गाव लासुर्णेच सांगते. पण लग्नानंतर इतक्या वर्षांनी मी त्या घरची झाले ती बारामतीतल्या दोन खोल्यांत, पिठाच्या हातांनी आबांच्या खाटेशेजारी फोटोला उभी राहिले त्या दिवशी.